कोरडवाहू शेतावरच्या ख्रिस्ती घरात साधा स्वयंपाक: काटकसर आणि पाहुणचार यांचा मेळ कसा घालावा?

पारनेरची सून (प्रश्न)

सर्व वडीलधाऱ्यांना आणि बहीण-भावांना ख्रिस्तात सलाम.

पुण्यातल्या नोकऱ्या सोडून आम्ही दोघे पारनेर तालुक्यातल्या सासरच्या शेतावर राहायला आलो आहोत. शेत तीन एकर आणि सगळे कोरडवाहू आहे. विहिरीचे पाणी फेब्रुवारीपर्यंत कसेबसे पुरते. खरिपात बाजरी आणि मटकी होते, परतीचा पाऊस चांगला झाला तर रब्बीत ज्वारी आणि थोडा हरभरा निघतो. बांधावर शेवगा आणि हादगा आहे, दारात दोन शेळ्या आणि काही गावठी कोंबड्या आहेत. घरात सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले एवढी माणसे आहेत.

शेतात पिकते ते खावे, बाजारातून कमीत कमी आणावे आणि घरचे जेवण हा आमच्या विश्वासाच्या जीवनाचाच एक भाग व्हावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. प्रत्यक्षात मात्र धान्य घरचे असूनही तेल, साखर, चहा, बिस्किटे आणि भाजी यांवरच बराच पैसा जातो. फेब्रुवारीनंतर पाऊस पडेपर्यंत शेतात हिरवे पान दिसत नाही आणि मग आठवडी बाजारावाचून गत्यंतर उरत नाही.

त्याहून अवघड गोष्ट पाहुणचाराची आहे. रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतले कोणी ना कोणी आमच्याकडे येतात आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब व पाळकबाई जेवायला असतात. अशा वेळी कोंबडी आणि भात झालाच पाहिजे, असे सासूबाईंचे ठाम मत आहे. पिठले-भाकरी पाहुण्यांपुढे ठेवणे त्यांना अपमानास्पद वाटते. त्यांचे मन दुखवायचे नाही, पण दर रविवारी एवढा खर्च झेपतही नाही. शिवाय, रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करून जेवायला बसणारी माझी मुले अर्धी भाकरी ताटात टाकून उठतात, हे पाहून मला फार वाईट वाटते. ज्यांनी अशी घरे चालवली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेवाशाची मोठी आई

बाळ, सलाम. तुझ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सासूबाईंविषयीचे आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. त्या साधारण माझ्याच वयाच्या असाव्यात. 1972 च्या दुष्काळात आम्ही शाळकरी मुली होतो. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, तिथे सुकडी, म्हणजे वाटपाचे कोरडे पौष्टिक खाणे, मिळे, आणि रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे, जिची भाकरी नीट थापलीही जात नसे. ज्या बाईने लहानपणी ते अन्न खाल्ले आहे, तिच्या दृष्टीने पाहुण्यापुढे कोंबडी वाढणे म्हणजे देवाने आपल्याला त्या दिवसांतून बाहेर काढले याची उघडपणे केलेली उपकारस्तुती असते. तिला तू खर्चाचा हिशोब दाखवलास तर तुमच्या दोघींचे बोलणे एकमेकींपर्यंत पोहोचणारच नाही. त्याऐवजी तिच्या आईच्या हातचे कोणते पदार्थ पाहुण्यांना आवडत, ते तिला विचार. आमच्या जिल्ह्यात त्या प्रश्नाला बहुधा शेंगोळे, सांडग्यांचा रस्सा किंवा आमटी असेच उत्तर मिळते. तो पदार्थ रविवारी तिलाच करायला सांग आणि तू तिच्या हाताखाली काम कर. पाहुण्यांनी तिच्या हाताची चव वाखाणली की कोंबडीचा आग्रह आपोआप सैल पडेल.

शेंगोळ्यांसाठी पुढच्या खरिपात अर्धा गुंठा का होईना, पण हुलगा (कुळीथ) पेर. हुलगा हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येतो, खत मागत नाही, आणि कडधान्य असल्याने जमिनीचा कसही राखतो. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ घालावे, त्यात ठेचलेला लसूण, जिरे, तिखट, हळद आणि मीठ मिसळून घट्ट मळावे. तळहातावर लांब वळी करून तिची टोके जोडावीत. लसूण-मिरचीची फोडणी देऊन भरपूर पाणी उकळत ठेवावे आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे एकेक करून सोडावेत. पाणी मंद असताना सोडले तर ते विरघळतात. अर्ध्या तासाच्या आत ते शिजतात, आणि त्यांच्याच पिठाने रस्सा दाट होतो. चमचा-दोन चमचे तेलात पाच-सहा माणसांचे पोटभर जेवण होते, भाजी वेगळी करावी लागत नाही. पाळकसाहेब आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही हेच करतो आणि ते आवडीने मागून घेतात.

आता उन्हाळ्याचे. उन्हाळ्याची भाजी हिवाळ्यातच साठवायची असते, हे शहरात राहिलेल्या माणसाला सहज सुचत नाही. हरभरा महिनाभराचा झाला की त्याचे शेंडे खुडावेत; त्याने झाड फुटते, फांद्या वाढतात आणि घाटे अधिक लागतात. तो खुडलेला पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेव. मे महिन्यात मूठभर पाला भिजवून, त्यात थोडी तूरडाळ किंवा शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर ज्वारीचे पीठ घालून लसणाच्या फोडणीत शिजवला तर आंबूस चवीची उत्तम पातळ भाजी होते. मेथीही अशीच वाळते. कोवळी गवार मिठाच्या पाण्यातून एक उकळी काढून वाळवावी. वांग्याच्या फोडी कडक उन्हात वाळवाव्यात. मार्च-एप्रिलमध्ये मटकीची आणि हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटून, मिरची-लसूण-जिरे घालून सांडगे घालावेत. कोहळा मिळाला तर त्याचा कीस घालावा, सांडगे हलके होतात. चांगले खडखडीत वाळलेले सांडगे पुढच्या वर्षीपर्यंत टिकतात.

पावसाळ्यात बाजारात भाजी आणायला मुळीच जाऊ नकोस. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, चंदनबटवा या भाज्या बांधावर आपोआप उगवतात, आणि सासूबाईंना त्या ओळखता येत असतील. मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर बांधावर जा, कारण हे ज्ञान आता आमच्या पिढीबरोबरच संपत चालले आहे. शेवग्याचा पाला तर जवळजवळ वर्षभर मिळतो. शेंगांचा हंगाम संपला की झाड छाटावे, म्हणजे नवा कोवळा पाला फुटतो.

तेलासाठी रब्बीच्या ज्वारीभोवती करडईची ओळ लावावी. तिच्या काट्यांमुळे जनावरे पिकात शिरत नाहीत, आणि दहा किलो करडईतून घाण्यावर साधारण अडीच ते तीन किलो तेल निघते. बाजरीचे मात्र एक लक्षात ठेव: तिच्यात स्निग्धांश अधिक असल्याने पीठ लवकर कडवट होते, म्हणून आठवड्याला पुरेल एवढीच दळावी. मुले भाकरी टाकत असतील तर पिठाची चव आधी स्वतः घेऊन पाहा.

वसईची वाडीवाली

जय ख्रिस्त. आमचा मुलूख पाण्याचा, तुमचा कोरडा, त्यामुळे आमच्या सगळ्याच गोष्टी तुम्हाला लागू पडणार नाहीत. तरीही वाडीवरच्या कॅथलिक घराचा अनुभव लिहिते, कारण मोठ्या आईंनी न मांडलेली एक बाजू मला महत्त्वाची वाटते.

आमच्या लहानपणी वाडीत बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे छोटे तळे, होते आणि त्याच्या पाण्यावर केळी, पानवेल, भाजीपाला व फुले होत. केळीचा कोणताच भाग वाया जात नसे. केळफुलाची भाजी होई, घड उतरवल्यावर खोडाचा आतला गाभा चिरून वालाबरोबर शिजवला जाई, पानावर जेवण वाढले जाई आणि उरलेले खोड पुन्हा केळीच्याच बुंध्याशी कुजायला टाकले जाई. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की वसईची प्रसिद्ध सुकेळी होतात, जी साखरेशिवाय गोड असतात आणि महिनोन्महिने टिकतात. पावसाळ्याआधी जवळा आणि सुके बोंबील भरून ठेवलेले असत. भात, वालाचे बिरडे आणि भाजलेल्या जवळ्याची चटणी हे आमचे रोजचे जेवण होते आणि त्यात काही कमी आहे, असे कोणालाही वाटत नसे.

तुमच्याकडे पाणी कमी असले तरी भांडी घासलेले आणि न्हाणीचे पाणी तुम्ही नक्कीच वाया जाऊ देत असाल. ते एका चरात सोडून त्याच्या कडेने दोन केळी आणि अळू लावा. साबणाऐवजी राख वापरलीत तर झाडांना अधिक चांगले. मे महिन्यातही अळूचे पान तोडता येईल.

आता ती दुसरी बाजू. काटकसर म्हणजे सगळे दिवस सारखेच साधे करणे, असे आमच्या घरी कधी मानले गेले नाही. चर्चच्या पंचांगात उपवासाचे दिवस आहेत आणि सणाचेही आहेत, आणि स्वयंपाकघराने दोन्ही पाळले पाहिजेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वर्षे वयाच्या व्यक्तींनी दिवसातून एकदाच पोटभर जेवावे, असा आमच्याकडे नियम आहे. माझी आई संपूर्ण प्रायश्चित्तकाळात मांसाहार बंद ठेवत असे आणि त्यातून वाचलेले पैसे एका डब्यात टाकत असे. ईस्टरच्या आधी तो डबा गावातल्या एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाई. ते पैसे आमच्या खर्चाला कधीही परत आले नाहीत. तसे केले असते तर तो उपवास केवळ बचतीचा एक मार्ग झाला असता, असे ती स्पष्टपणे सांगे. उलट ऑक्टोबरमध्ये आगेराच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेल्या जात, आणि नाताळला फुगे तळले जात, मांसाचे मसालेदार इंदेल होई, तेव्हा ती तेलाकडे किंवा मसाल्याकडे पाहत नसे. शेजारची हिंदू घरेसुद्धा त्या दिवशी आमच्या फराळाची वाट पाहत.

म्हणून माझे नम्र मत असे, की सासूबाईंची कोंबडी पूर्णपणे बंद करू नका. वर्षातले काही रविवार ठरवून घ्या: नाताळ, ईस्टर, हंगामाचा सण, घरातल्या कोणाचा बाप्तिस्मा. त्या दिवशी त्यांना हवा तसा, हात न आखडता स्वयंपाक करू द्या. सणाला साधेपणाच्या नावाखाली आखडलेला हात पाहुण्यांना लगेच दिसतो, आणि मुलांच्या मनातही देवाच्या घराची आठवण उपासमारीशी जोडली जाते.

दौंडकडचा शेतकरी

ताई, सलाम. वाळवण आणि सण यांविषयी वरील दोघींनी लिहिलेच आहे. मी इंधन, कोंबड्या आणि देणगी यांविषयी लिहितो.

चुलीवरच्या स्वयंपाकाचे सध्या फार कौतुक होते, परंतु बंद घरात रोज चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे काय होते, ते मी माझ्या घरी पाहिले आहे. त्यामुळे चूल ठेवायचीच असेल तर ती घराबाहेर, पडवीत असावी आणि तिला वैल, म्हणजे बाजूचे दुसरे तोंड, असावा. भाकरी भाजताना वैलावर डाळ किंवा दूध मंद आचेवर आपोआप शिजते आणि वेगळे सरपण लागत नाही. गॅस चालू ठेवा, पण कडधान्य रात्रभर भिजवल्याशिवाय त्यावर चढवू नका. डाळ-तांदळाला चांगली उकळी आणून भांडे घट्ट झाकणासह, चहूबाजूंनी भुसा किंवा गवत दाबून भरलेल्या खोक्यात तास-दीड तास ठेवले तर उरलेले शिजणे त्याच उष्णतेवर होते. आपल्याकडे ऊन भरपूर असल्याने सूर्यचूलही उपयोगी पडते. शनिवारी भिजवलेली मटकी रविवारी उपासनेला निघताना सूर्यचुलीत ठेवली तर परत येईपर्यंत शिजलेली असते आणि रविवारचा विसावा घरातल्या बाईलाही मिळतो. माझ्या मते हा मुद्दा काटकसरीपेक्षाही मोठा आहे. ज्या घरातले पुरुष आणि पाहुणे प्रभुवारी विसावा घेतात आणि गृहिणी मात्र दुपारपर्यंत चुलीपुढे असते, त्या घरात प्रभुवार पाळला जातो असे मला म्हणवत नाही.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. तीच कोंबडी एका रविवारी कापली तर एक जेवण होते. पाहुण्यांसाठी भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणातला अंड्यांचा रस्सा केला तर सासूबाईंचा मान राहतो आणि कोंबडीही राहते. जास्तीचे कोंबडे मात्र वाढवत ठेवू नका, त्यांचा उपयोग सणाला करा.

देणगीविषयी वसईच्या ताईंनी लिहिले ते मला फार पटले. आमच्याकडे भाकरीचे पीठ मळायला घेण्याआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकण्याची पद्धत आहे. मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून प्रत्येक जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढला जातो आणि त्या मूठभर तांदळावर तिथली मंडळी मोठी कार्ये चालवते, हे कळल्यावर आमच्या महिला मंडळाने ही पद्धत उचलली. ज्याच्याजवळ रोख पैसा नाही त्यालाही रोज काही देता येते, हे तिचे मोठेपण आहे. आमच्या तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आणले, तेव्हा तिथल्या माळरानावर विहिरी खणून शेती उभी केली आणि पुढे शेकडो मुलींचे अन्न त्या जमिनीतून काढण्याचा प्रयत्न केला. तिथली काटकसर दारात येणाऱ्या पुढच्या मुलीला जागा व्हावी म्हणून होती. तुम्हीही हिशोब मांडताना किती वाचले एवढेच न लिहिता किती जेवले, हेही लिहीत जा.

सोलापूरची एक आई

मुलांच्या उष्ट्याविषयी थोडेसे. आमच्या घरी प्रार्थनेनंतर प्रत्येकाला आधी अर्धीच भाकरी वाढली जाते, आणि हवी असेल तर पुन्हा मागून घेण्यात कोणालाही संकोच नसतो. ताटात टाकू नकोस असे रोज बजावण्यापेक्षा याचा परिणाम अधिक झाला. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, ही गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. म्हणून रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन तिचे तुकडे करण्याचे काम मी मुलांकडेच सोपवले आहे. बिस्किटांची जागा त्याच न्याहारीने घेतली. आपल्याच हातांनी केलेले ती टाकत नाहीत. आणि ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून देऊन पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मुलांना त्याहून दुसरे काही नको असते.

पारनेरची सून

सर्वांचे मनापासून आभार. मोठ्या आईंचे उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. सुकडीचे नाव ऐकताच त्या बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांच्या आईला कामावरून परतताना सुकडीचा वाटा पदरात बांधून आणावा लागे, हे मी पहिल्यांदाच ऐकले. त्यानंतर मी खर्चाचा विषय काढलाच नाही. येत्या रविवारी शेंगोळे करण्याचे त्यांनी स्वतःच ठरवले आहे, मात्र पाळकबाईंसाठी अंड्यांचा रस्साही हवा, असे सांगितले. नाताळ, ईस्टर आणि हंगामाचा सण हे दिवस त्यांच्या पद्धतीने होतील. न्हाणीच्या पाण्यासाठी चर खणायला यांनी सुरुवात केली आहे.

मूठभर धान्याचे मडकेही ठेवले आहे. एकच विचारायचे राहिले: हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत अर्पण केलेल्या पिकाचा लिलाव होतो, आणि ज्यांच्याजवळ पैसे आहेत तेच चांगले धान्य विकत घेतात. मडक्यातले धान्य लिलावात द्यावे, की थेट गरजू घरी पोहोचवावे? आणि हुलग्याच्या पिठाचा उग्र वास कमी कसा करावा? मुले त्या वासाला नाक मुरडतात.

नेवाशाची मोठी आई

बाळ, सणाचे पहिले पीक वेदीपुढे ठेवायचे असते, ते लिलावातच दे. त्यातून मंडळीचा खर्च चालतो आणि तो चाललाच पाहिजे. रोजच्या मुठीचे धान्य मात्र वेगळे ठेव आणि कोणालाही न सांगता, शक्य तर दळून, एखाद्या विधवेच्या किंवा मजुराच्या घरी सासूबाईंच्या हातून पाठव. पीठ मिळाले तर त्या घराचा दळणाचा पैसाही वाचतो.

हुलगा दळण्याआधी निवडून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलकासा भाज. रंग बदलेपर्यंत नको, फक्त खमंग वास सुटेपर्यंत. गार झाल्यावर दळ, म्हणजे पिठाला ओल सुटणार नाही. मुलांसाठी पहिल्या वेळी हुलग्याच्या पिठाइतकेच ज्वारीचे पीठ घाल आणि हळूहळू हुलगा वाढव. सासूबाईंना माझा सलाम सांग, आणि त्या शेंगोळ्यांत ओवा घालतात की नाही ते मला नक्की कळव, कारण पारनेरकडची पद्धत आमच्यापेक्षा थोडी वेगळी असते असे ऐकून आहे.